सारीपाट ते लुडो: खेळ कसा बदलतो हे खेळूनच समजून घ्यायची रीत

लुडोचा पट घरात नसला तरी फोनमध्ये असतोच. तो आपल्या सारीपाटाच्या घराण्यातला आहे हेही बहुतेकांना ठाऊक असतं. पण मधल्या काळात नेमकं काय बदललं, कोणता नियम कशापायी गेला, आणि त्यामुळे खेळणारी माणसं कशी वेगळी वागायला लागली, असं विचारलं की उत्तर अडखळतं. माझं ठाम मत आहे की खेळाचा इतिहास वाचण्याआधी तो खेळ खेळावा. नियम कागदावर निर्जीव दिसतात. पटावर सोंगटी अडकली की मग कळतं, हा नियम कुणीतरी का केला असेल.

या लेखात आपण घरी एक सारीपाट तयार करू आणि जुन्या पद्धतीने खेळू. मग एका वेळी एकच नियम बदलत लुडोपर्यंत येऊ आणि शेवटी तुमचा स्वतःचा प्रकार घडवू. शनिवार-रविवारी जमण्यासारखं काम आहे. शाळेत करणार असाल तर चार-पाच तासिका हाताशी ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सारीपाटाचे ‘खरे’ नियम म्हणून एकच संच नाही. फाशांवर खेळायची रीत वेगळी, कवड्यांवर खेळायची वेगळी आणि घरोघरी त्यात फरक. खेळाची परंपरा मात्र लांबची. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात शिवपार्वती फाशांचा डाव मांडून बसलेले कोरले आहेत. खंडोबा सारीपाटात म्हाळसेकडून हरला आणि पणाप्रमाणे घर सोडून बाणाईकडे गेला, ही कथा वाघ्या-मुरळीच्या जागरणात आजही रंगते. आपण इथे कवड्यांची, म्हणजे पच्चीसीची रीत घेणार आहोत. कवड्या सहज मिळतात आणि बदलाचा हिशेब त्यांच्यावर स्पष्ट दिसतो.

पायरी १ : पट, सोंगट्या, कवड्या

पट अधिक चिन्हाच्या आकाराचा असतो. मध्ये एक मोठा चौकोन, त्याला चार भुजा. प्रत्येक भुजेत तीन रांगा, प्रत्येक रांगेत ८ घरं. म्हणजे भुजेत २४ आणि चारही मिळून ९६ घरं. एक घर ४ सेंटिमीटरचं धरलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १९ घरं, म्हणजे ७६ सेंटिमीटर होतात. कडेला दुमड ठेवायला ८५ सेंटिमीटरचा चौरस तुकडा घ्या.

कापड मांजरपाट घ्या आणि आधी धुऊन वाळवा. कोरं मांजरपाट आटतं. आखल्यावर धुतलंत तर चौकोन वाकडे होतील. शिंप्याच्या खडूने आखून त्यावर कापड रंगवायच्या रंगाने रेघा ओढा, हाताला सवय असेल तर धावदोऱ्याने शिवा. कापडी पटाचा फायदा असा की गुंडाळून पिशवीत टाकता येतो. घाई असेल तर कार्डशीट चालेल.

आता फुल्या. ज्या घरावर फुली असते तिथे सोंगटी मारता येत नाही. प्रत्येक भुजेत तीन फुल्या काढा: मधल्या रांगेच्या अगदी बाहेरच्या टोकाला एक, आणि दोन्ही कडेच्या रांगांत बाहेरून चौथ्या घरावर एकेक. एकूण १२. या फुल्या शोभेच्या नाहीत, पुढे त्यांचं गणित बघू.

सोंगट्या प्रत्येकी ४, चार रंगांच्या: पिवळ्या, काळ्या, लाल, हिरव्या. पिवळा आणि काळा एकमेकांचे भिडू, लाल आणि हिरवा भिडू. भिडू समोरासमोर बसतात. लाकडी सोंगट्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर मोठी बटणं किंवा रंगवलेली बाटलीची झाकणं घ्या.

कवड्या ६. पूजेच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. शोभेच्या माळेतल्या भोक पाडलेल्या घेऊ नका, त्या नीट लोळत नाहीत. सहाही साधारण एका आकाराच्या निवडा.

पायरी २ : कवड्यांची परीक्षा

ही पायरी लोक गाळतात. गाळू नका, कारण संपूर्ण खेळाचा स्वभाव इथे ठरतो.

सहा कवड्या एकदम टाकायच्या आणि किती उघड्या पडल्या, म्हणजे किती जणींचं तोंड वर आलं, ते मोजायचं. दोनपासून सहापर्यंत जितक्या उघड्या तितकं दान. फक्त एक उघडी पडली तर १०, आणि एकही उघडी नाही, सगळ्या पालथ्या, तर २५. ६, १० आणि २५ या दानांवर पुन्हा टाकायला मिळतं.

कवडी उघडी किंवा पालथी पडण्याची शक्यता अगदी निम्मी-निम्मी असेल, तर सहाही पालथ्या पडण्याची संधी ६४ वेळांत एकदा येते, आणि पुन्हा टाकायला मिळण्याची संधी आठ वेळांत एकदा. एका दानाची सरासरी ४.२ च्या आसपास येते. पण कवडी नाण्यासारखी नसते. तिची पाठ किती फुगीर आहे आणि तुम्ही सतरंजीवर टाकता की फरशीवर, यानुसार ती कुठेतरी कलते. समजा तुमच्या कवड्या दहापैकी चारच वेळा उघड्या पडतात. कल एवढासाच, पण परिणाम बघा: २५ चं दान ६४ वेळांत एकदा येत होतं, ते आता जवळपास २१ वेळांत एकदा येतं. पुन्हा टाकायची संधी आठात एकावरून जवळजवळ चारात एकावर जाते. सरासरी दान ५.२ होतं. खेळ पार वेगळा झाला आणि आपण नियमाला हातही लावलेला नाही.

म्हणून ज्या जागी खेळणार तिथेच बसा, सहाही कवड्या १०० वेळा टाका आणि प्रत्येक वेळी किती उघड्या पडल्या ते लिहा. मुलांना हे काम फार आवडतं. एकूण ६०० पैकी ३०० च्या जवळपास उघड्या आल्या तर कवड्या समतोल आहेत. २४० च्या आसपास आल्या तर वरचा हिशेब तुमच्या घरात लागू. आकडा काहीही आला तरी कवड्या टाकून देऊ नका. तो फक्त वहीत लिहून ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

पायरी ३ : जुन्या रीतीने एक डाव

सुरुवातीला हे नियम घ्या. सगळ्या सोंगट्या मधल्या चौकोनातून निघतात. प्रत्येकाची पहिली सोंगटी कोणत्याही दानावर निघते. बाकीच्या आणि मारून परत आलेल्या सोंगट्यांना ६, १० किंवा २५ लागतं. सोंगटी आपल्या भुजेच्या मधल्या रांगेतून बाहेर जाते, मग घड्याळाच्या उलट दिशेने सगळ्या पटाला फेरी मारते आणि त्याच मधल्या रांगेतून परत मध्यात येते. फुली नसलेल्या घरावर विरुद्ध बाजूची सोंगटी सापडली तर ती मारायची. मारली की पुन्हा दान. मध्यात नेमक्या दानानेच जाता येतं. दोन्ही भिडूंच्या मिळून आठही सोंगट्या आत पोचल्या की डाव संपला. आणि फार महत्त्वाचं: आलेलं दान खेळायचं नसेल तर ते सोडून द्यायची मुभा आहे.

आता पटावर बोट ठेवून मोजा. मध्यातून निघून ८ पावलांवर आपल्या भुजेचं टोक. तिथून पुढच्या भुजेचं टोक १७ पावलांवर. ८ आणि १७ मिळून २५. म्हणजे २५ च्या दानावर निघालेली सोंगटी थेट पुढच्या भुजेच्या फुलीवर जाऊन बसते, कुणी तिला हात लावू शकत नाही. पूर्ण प्रवास ८४ पावलांचा आहे. शेवटच्या भुजेच्या टोकावरच्या फुलीवर सोंगटी पोचली की ५९ पावलं झालेली असतात आणि उरतात किती? पुन्हा २५. तिथे निर्धास्त बसून २५ ची वाट बघता येते. पडलं की एका दमात घरी. पट आखणाऱ्यांनी भुजेची लांबी, फुलीची जागा आणि दानाचा आकडा हे तिन्ही एकमेकांत असे बसवलेले आहेत. मला या खेळातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

अर्थात वाट बघणं शहाणपणाचं आहे का, हे पुन्हा तुमच्या कवड्यांवर ठरतं. समतोल कवड्या असतील तर ६४ वेळांत एकदा येणाऱ्या दानाच्या भरवशावर कोण बसेल? कलत्या कवड्या असतील तर बसण्यात अर्थ आहे, निदान दुसऱ्या सोंगट्या चालवायला असतील तोवर. पायरी २ मधला आकडा इथे कामी येतो.

आणखी एक सापळा आहे. या दानांत १ नाहीच. त्यामुळे सोंगटी मध्यापासून एका पावलावर आली तर ती आत जाऊच शकत नाही. पाच पावलं उरली असताना ४ चं दान आलं तर ते त्या सोंगटीला देऊ नये. दान सोडायची मुभा का हवी, ते अशा वेळी कळतं. चुकून एका पावलावर सोंगटी आलीच तर काय करायचं हे डावाआधी ठरवून घ्या. नवख्यांसाठी ‘१० किंवा २५ पडल्यावर आत’ असा तोडगा ठीक आहे.

डाव चालू असताना एकाने नोंद ठेवावी. फार नको, एवढंच: डाव किती वेळ चालला, किती दानं टाकली, किती सोंगट्या मारल्या, किती वेळा कुणी दान सोडलं, आणि कोण सर्वांत जास्त वेळ नुसतं बसून होतं. जमलं तर भिडू एकमेकांशी काय बोलतात तेही टिपा. ‘तू थांब, मी पुढे होतो’, ‘तिला अडव’, ‘माझ्यासाठी फुली मोकळी ठेव’ असली वाक्यं जुन्या खेळात सतत ऐकू येतात.

पहिला डाव संपेलच असं नाही, आणि ते स्वाभाविक आहे. एका खेळाडूला ४ सोंगट्यांची मिळून ३३६ पावलं चालायची असतात. सरासरी ४.२ च्या हिशेबाने काही मारामारी झाली नाही तरी सुमारे ८० दानं. चौघांची ३२०. एका दानाला अर्धा मिनिट धरला तरी अडीच तासांच्या वर जातात, आणि सोंगट्या तर मारल्या जाणारच. हा खेळ लांबलचक दुपारींसाठी घडलेला आहे, तेव्हा तासाभराने थांबवलात तरी नोंदी उपयोगी पडतील.

पायरी ४ : एका वेळी एकच बदल

इथे शिस्त हवी. दोन नियम एकदम बदलले तर कोणत्या बदलाने काय झालं ते सांगता येत नाही. प्रत्येक बदलानंतर निदान अर्धा तास खेळा आणि त्याच रकान्यांत नोंद करा.

पहिला बदल: पट तोच, कवड्यांऐवजी एक साधा सहा बाजूंचा फासा. ६ पडला की पुन्हा दान. लगेच जाणवेल की मोठ्या उड्या गेल्या. सरासरी दान ३.५ वर आलं आणि ८४ पावलं कंटाळवाणी वाटू लागली. फुलीवर बसून २५ ची वाट बघणं संपलं, कारण २५ पडतच नाही. एका पावलावरचा सापळाही गेला. पण एक फायदा झाला: प्रत्येक घरातला फासा जवळपास सारखाच पडतो. कवडीचा कल घरागणिक वेगळा, तिच्याबरोबर तोंडी नियम चालतात, कारण शिकवणारा समोर बसलेला असतो. कारखान्यात हजारो खोके भरून अनोळखी घरांत पाठवायचे असतील तर सगळीकडे सारखं वागणारं साधन लागतं. माझ्या मते फासा आला तो यासाठी.

दुसरा बदल: पट लहान करा. भुजेत ८ ऐवजी ६ घरं ठेवा, म्हणजे लुडोचा पट झाला. सोंगटी मध्यातून न निघता भुजेवरच्या ठरलेल्या घरातून निघते आणि फेरी घड्याळाच्या दिशेने होते. त्या घरापासून मध्यापर्यंत ५६ पावलं. ८४ ची ५६, म्हणजे प्रवास बरोबर एक तृतीयांशाने कमी. फासा लहान झाला म्हणून पटही आखडावा लागला. एक साधन बदललं की त्याच्यामागे पट, पटामागे वेळ, असं सगळं सरकत जातं. तुमच्या नोंदवहीत हे आकड्यांत दिसेल.

तिसरा बदल: प्रत्येक सोंगटीला, पहिलीलाही, निघायला ६ हवा. हा नियम दिसतो साधा पण खेळाची सुरुवात जड करतो. सहा पाळ्या होऊनही एकदाही ६ न पडण्याची शक्यता तीनात एक असते. दहा पाळ्यांनंतरही साधारण सहात एक खेळाडू तसाच बसलेला असतो. लहान मूल याच वेळी उठून जातं.

चौथा बदल: भिडू काढून टाका, प्रत्येक जण स्वतःसाठी. आणि पाचवा: चाल शक्य असेल तर ती करायलाच हवी, दान सोडता येणार नाही. या दोन बदलांनंतर नोंदवहीतलं बोलणं बघा. सल्लामसलत जवळपास संपते. राहतात आरोळ्या, दुसऱ्याची सोंगटी मेल्याचा आनंद आणि फाशावर फुंकर मारणं. लुडो वाईट खेळ आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पाच वर्षांचं मूल तो दहा मिनिटांत शिकतं, हा त्याचा मोठा गुण. पण भिडू आणि दान सोडायचा हक्क या दोन गोष्टी गेल्या, तेव्हा विचार करायची जागा आकसली. तुमचा प्रकार घडवताना यांतली निदान एक परत आणून बघा, असा माझा आग्रह आहे.

पायरी ५ : बाकीच्यांनी काय केलं ते बघा

हा खेळ एकट्या लुडोच्या वाटेने बदलला नाही. एकाच जुन्या पटातून वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळी उत्तरं काढली, आणि ती आयती हाताशी आहेत.

इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये लुडोचं पेटंट झालं. अमेरिकेत त्याआधीच, १८७४ मध्ये, ‘पारचीझी’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलं गेलं होतं. पारचीझीने फासे दोन घेतले, आणि दोन फाशांची दानं दोन वेगळ्या सोंगट्यांना देता येतात. त्यामुळे प्रत्येक पाळीत निवड करावी लागते. सोंगटी निघायला ५ लागतो. एका घरावर आपल्या दोन सोंगट्या बसल्या की नाकाबंदी होते, मागचा पुढे जाऊच शकत नाही. मारल्याबद्दल २० पावलांचं बक्षीस आणि सोंगटी घरी नेल्याबद्दल १० पावलांचं. जर्मनीत म्युनिकच्या योझेफ श्मिट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी सुटसुटीत पट केला: फेरीची ४० घरं, प्रत्येकाची शेवटची ४, आणि सुरक्षित फुल्या नाहीतच. १९१४ पासून तो मोठ्या प्रमाणावर निघू लागला, पहिल्या महायुद्धात सैनिकांकडेही पोचला.

यांतला कोणताही एक नियम उचला आणि तुमच्या पटावर अर्धा तास खेळून बघा. दोन फाशांचा नियम मी सर्वांत आधी सुचवेन, कारण दानं वाटून देता आली की लुडोत हरवलेला विचार बराच परत येतो.

फोनवरचा लुडो हा त्यानंतरचा टप्पा. त्यात नवी मुंबईचा वाटा आहे: ‘लुडो किंग’ तिथल्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घराघरांत पोचला. पुण्याची आजी, न्यू जर्सीचा नातू आणि नाशिकची मावशी एका पटावर बसली. पटाचं अंतर संपलं, हा फार मोठा बदल आहे. त्याबरोबर काही बारीक बदलही आले. पाळीला घड्याळ लागलं. एकच चाल शक्य असेल तर सोंगटी अनेकदा आपोआप सरकते. मोजण्यातली चूक उरली नाही, आणि मोजताना होणारी भांडणंही.

फोनवर खेळणारे हमखास म्हणतात, ‘हा मला मुद्दाम ६ देत नाही.’ वाद घालण्यापेक्षा तपासा. आपली १२० दानं लिहून काढा. प्रत्येक आकडा सरासरी २० वेळा यायला हवा, पण नेमका २० वेळा क्वचितच येतो. १२ ते २८ च्या दरम्यान काहीही आलं तरी ते नशिबाच्या नेहमीच्या हेलकाव्यात बसतं. त्याच्या बाहेर गेलं तर आणखी १२० लिहा आणि मग बोला. खऱ्या फाशाचीही अशीच परीक्षा घ्या, कोपरे झिजलेला स्वस्त फासा कधीकधी खरंच एका बाजूला झुकतो.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. पैज लावून खेळणं आपल्याकडे फार जुनं आहे, महाभारतातलं द्यूत सगळ्यांना माहीत आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतात २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. तुमचा प्रयोग घरातला असो की शाळेतला, चिंचोके लावा, पैसे नाही.

पायरी ६ : घरातल्या जुन्या खेळाडूंना विचारा

तुमचा प्रकार घडवण्याआधी ही पायरी करा. आजी, आत्या, गावाकडचे काका, ज्यांनी कधी कवड्या टाकल्या आहेत त्यांना पटावर बोलवा. ‘नियम काय होते?’ असं विचारलंत तर ‘आठवत नाही गं आता’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी पट मांडा, सोंगट्या ठेवा आणि विचारा, ‘आजी, आता १० पडले, तू काय करशील?’ हात आपोआप पुढे येतो. एकदा सोंगटी सरकवली की नियम, चिडवायची वाक्यं, कोण खोटं खेळायचं, सगळं निघतं.

बायकांना एक प्रश्न आवर्जून विचारा: ही रीत माहेरची की सासरची? नियम पुस्तकांतून कमी आणि लग्नांतून जास्त फिरले आहेत. एकाच घरात दोन जावा दोन नियमांनी खेळत असतील तर तुमच्या हाती मोठा ऐवज लागला आहे. प्रत्येक नोंदीखाली गाव, साधारण कोणत्या वर्षांतली आठवण आणि कुणाकडून शिकल्या हे लिहा. परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा.

लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर जुने पट कोरलेले सापडतात, बहुतेक नवकंकरी (प्रत्येकी नऊ खडे घेऊन खेळायचा खेळ) आणि खळग्यांच्या खेळांचे. झिजलेला पट दुपारच्या उन्हात दिसत नाही, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या प्रकाशात रेघा उठून येतात. छायाचित्रात शेजारी मोजपट्टी ठेवा. खडूने रेघा गिरवू नका, पाणी ओतू नका, दगडावर घासू तर अजिबात नका.

पायरी ७ : तुमचा स्वतःचा प्रकार

आधी खेळाडू ठरवा, नियम नंतर. ‘सगळ्यांसाठी’ असा खेळ घडवू नका. ‘आजी आणि आठ वर्षांचा नातू, जेवणानंतर चाळीस मिनिटं’ अशी नेमकी जोडी समोर ठेवा. मग तुमच्या नोंदींतली सर्वांत त्रासाची एक तक्रार निवडा आणि तिच्यावर एकच इलाज करा.

सुरुवातीला फार वेळ बसावं लागतं ही तक्रार असेल तर १ किंवा ६ दोन्हींवर सोंगटी निघू द्या. सरासरी वाट सहा पाळ्यांवरून तीनवर येते आणि सहा पाळ्या कोरड्या जाण्याची शक्यता तीनात एकवरून अकरात एकवर. शेवटची सोंगटी एका पावलासाठी ताटकळत असेल तर जास्तीचं दान चालेल असं ठरवा. याने शेवटची उत्कंठा कमी होते, तेव्हा डाव फारच लांबत असेल तरच करा. सोंगटी मारली की मूल रडतं अशी तक्रार असेल तर मारलेली सोंगटी मुळाशी न पाठवता मागच्या फुलीवर पाठवा. हा बदल मला विशेष पटतो. मारण्याची धार राहते आणि तासाभराची मेहनत पुसली जात नाही.

नवा नियम आधी तुम्हीच खेळा, मग अशा लोकांना द्या ज्यांना तुमचं मन राखायची गरज नाही: शेजारची मुलं, वाचनालयातला गट, मामेभावाचे मित्र. नियमांचा कागद द्या आणि गप्प बसा. ते चुकीचं खेळले तरी मध्ये पडू नका. जिथे ते अडखळतात तिथे कागद चुकला आहे असं धरा आणि ते वाक्य बदला. डाव संपल्यावर ‘आवडलं का?’ हा प्रश्न टाळा, सगळे हो म्हणतात. ‘कधी कंटाळा आला?’ आणि ‘पुन्हा मांडायचा का?’ हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला कुणी उत्तराऐवजी सोंगट्या पुन्हा मांडायला लागलं, तर नियम जमला.

नियमांचा शेवटचा कागद एका पानात बसवा. वर प्रकाराचं नाव आणि तारीख, मग साधनं, निघण्याचा नियम, चाल, मारणं, फुली, संपणं, याच क्रमाने. तळाशी लिहा की मूळ रीत कुणाकडून घेतली, कोणत्या गावची, आणि तुम्ही त्यात नेमकं काय बदललं. एक प्रत पटाच्या गुंडाळीत ठेवा, एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्या, आणि पाठीमागची बाजू कोरी ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे आले की त्यांचे बदल तिथे तारखेसह उतरवता येतील.